‘नौकर की कमीज़’ : कादंबरी, चित्रपट आणि संकेतार्थाचा प्रश्न

साहित्यकृतीवरून चित्रपट तयार झाला की त्याची चर्चा बहुधा मूळ कृतीशी असलेल्या इमानाभोवती फिरते. कोणते प्रसंग राहिले, कोणते गळले, शेवट बदलला काय, पात्रांची निवड योग्य झाली काय, अशी यादी केली जाते आणि तिच्या बेरजेवरून रूपांतराचे यशापयश ठरवले जाते. ज्या कादंबरीचे बळ कथानकात आहे, तिच्या बाबतीत ही पद्धत काही अंशी उपयोगी पडते. परंतु ज्या कादंबरीत घडते त्याहून घडू शकेल ते अधिक असते, जिचे खरे कथानक निवेदकाच्या वाक्यांतून चालते, तिच्यासमोर ही पद्धत अपुरी ठरते. विनोदकुमार शुक्ल यांची ‘नौकर की कमीज़’ (१९७९) ही हिंदी कादंबरी आणि मणी कौल यांनी तिच्यावरून त्याच नावाने केलेला चित्रपट (१९९९) ही जोडी या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांनी, विशेषतः मराठी अभ्यासकांनी, ही कादंबरी आवर्जून वाचावी आणि मग तो चित्रपट पाहावा, अशी शिफारस प्रस्तुत लेखात केली आहे. त्या शिफारशीमागची कारणे मराठी व्याकरणातील एका परिचित संज्ञेच्या आधाराने मांडली आहेत.

१. लेखक आणि प्रदेश

विनोदकुमार शुक्ल यांचा जन्म १९३७ मध्ये राजनांदगाव येथे झाला. जबलपूरला कृषिशास्त्राचे शिक्षण घेऊन ते रायपूरच्या कृषी महाविद्यालयात अध्यापक झाले आणि पुढील सारे आयुष्य त्यांनी रायपुरातच काढले. ‘दीवार में एक खिड़की रहती थी’ या कादंबरीला १९९९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २०२३ मध्ये त्यांना आंतरराष्ट्रीय साहित्यातील कामगिरीसाठी पेन-नाबोकोव्ह पुरस्कार देण्यात आला आणि २०२४ चा ज्ञानपीठ पुरस्कारही त्यांच्या वाट्याला आला. डिसेंबर २०२५ मध्ये रायपूर येथेच त्यांचे निधन झाले. ‘नौकर की कमीज़’ ही त्यांची पहिली कादंबरी होय.

हा प्रदेश मराठी वाचकाला वाटतो तितका दूरचा नाही. छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. पुढे १९५६ पर्यंत रायपूर आणि नागपूर ही एकाच प्रांतातील शहरे होती, आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. हिंदी व मराठी या दोन्ही भाषा तिथल्या कचेऱ्यांत वावरत होत्या. फायलींवरचे शेरे, मोठ्या साहेबांचा बंगला, बदलीची धास्ती, शिपायापासून हेडक्लार्कपर्यंतची उतरंड हे सारे दोन्ही भाषांच्या कारकुनांनी बरोबरीने अनुभवले आहे. शुक्ल यांचा साहित्यप्रवेशही एका मराठीभाषी माणसाच्या सहवासात झाला. गजानन माधव मुक्तिबोध १९५८ मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापनासाठी आले. घरात मराठी बोलणारा, हिंदीत लिहिणारा आणि ज्याचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतील मान्यवर कवी-समीक्षक होते, असा हा कवी तरुण शुक्ल यांचा पहिला मार्गदर्शक ठरला. मणी कौल यांनी मुक्तिबोधांच्या लेखनावर ‘सतह से उठता आदमी’ (१९८०) हा चित्रपट केला होता. त्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी ते शुक्ल यांच्या कादंबरीकडे वळले. म्हणजे राजनांदगावच्या एकाच साहित्यिक परिसरातून कौल यांचे दोन चित्रपट निघाले आहेत.

२. सदऱ्याचे माप

कादंबरीचा निवेदक संतूबाबू हा सरकारी कचेरीतील कनिष्ठ कारकून. नुकतेच लग्न झालेले, पगार तुटपुंजा, राहणे एका डॉक्टरच्या मालकीच्या भाड्याच्या घरात. घराचे छप्पर गळते, आणि ते दुरुस्त करून घेण्याची विनंती हा भाडेकरूच्या आयुष्यातला कायमचा विषय आहे. कचेरीत बडेबाबू आणि इतर सहकारी आहेत. त्यांच्यावर साहेब आहेत. साहेबांनी आपल्या बंगल्यावरील नोकरासाठी एक सदरा शिवून घेतलेला असतो. तो नोकर निघून जातो, सदरा मागे उरतो. आता नव्या नोकराच्या शोधात अट अशी, की त्याच्या अंगाला तो सदरा बरोबर बसला पाहिजे. नोकर बदलतील, माप बदलणार नाही. हा सदरा एके दिवशी बडेबाबू आणि इतर मिळून संतूबाबूच्या अंगात जबरीने चढवतात. तो त्याला नेमका बसतो.

इथून पुढे जे घडते त्याला रूढ अर्थाने नाट्य म्हणता येणार नाही. कचेरीतला कारकून हळूहळू साहेबांच्या बंगल्यावरची कामे करू लागतो. त्याच काळात त्याची पत्नी घरमालक डॉक्टरच्या घरी आधी मदत म्हणून आणि मग रीत म्हणून राबू लागते. कुणी तिला नोकरीवर ठेवलेले नसते. ती शेजारधर्माने गेलेली असते. नवऱ्यासाठी निदान एक सदरा शिवावा लागला, तिच्यासाठी तेवढाही खर्च कुणाला करावा लागत नाही. कादंबरी चटका लावते ती या दुसऱ्या, आवाज न करणाऱ्या कथेमुळे. निवेदकाला आपल्यावर झालेली जबरदस्ती तरी दिसते. पत्नीवर झालेली जबरदस्ती सौजन्याच्या रूपात आल्यामुळे तिला नाव देणेही त्याला जड जाते.

‘नोकर’ आणि ‘नोकरी’ हे शब्द मराठी वाचकाला इथे वेगळ्या अर्थाने अडवतात. मराठीने या क्षेत्रात एक भेद सांभाळला आहे. पगारावर कचेरीत काम करणारा तो ‘नोकरदार’ आणि घरकामाला ठेवलेला तो ‘नोकर’ किंवा ‘गडी’. नोकरदार माणूस प्रतिष्ठित, त्याला मुलगी द्यावी. नोकर मात्र मागल्या दाराने येणारा. असे असले तरी ‘नोकरी’ हा शब्द दोघांनाही लागतो आणि ‘सरकारी नोकर’ या प्रयोगात तो भेद पुसूनच जातो. शुक्ल यांची कादंबरी नेमकी या पुसट जागेवर उभी आहे. मध्यमवर्गाने ‘दार’ या प्रत्ययाच्या बळावर जे अंतर राखले, ते एका सदऱ्याच्या मापाइतकेच आहे, हे ती दाखवते. म्हणून या शीर्षकाचा मराठी अनुवाद करताना ‘नोकर’ लिहायचे की ‘गडी’, हा केवळ शब्दनिवडीचा प्रश्न राहत नाही. ‘गडी’ लिहिले तर कारकून आधीच बाहेर पडतो आणि कादंबरीचा घाव चुकतो. ‘नोकर’ हा शब्दच दोन्ही बाजूंना कापतो.

कारकून हे मराठी साहित्यातलेही जुने पात्र. पु. ल. देशपांडे यांच्या ‘असा मी असामी’तील धोंडो भिकाजी जोशी हा त्याचा सर्वांत लाडका अवतार. बदलत्या काळाबरोबर फरफटत जाणारा हा कारकून स्वतःवर हसतो आणि वाचकाला हसवतो. पण त्याचे घर, त्याची चाळ, त्याची जात-जमात त्याच्या पाठीशी उभी असते. त्याचे हसणे सुरक्षित माणसाचे आहे. संतूबाबूही हसवतो, मात्र त्याच्या विनोदाखाली जमीन नाही. घर डॉक्टरचे, वेळ साहेबांचा आणि आता अंगावरचे कापडही साहेबांचे. दोन भाषांतील या दोन कारकुनांची शेजारी शेजारी ठेवून तुलना केली, तर विनोदाला लागणारी सामाजिक हमी म्हणजे काय, याचा एक चांगला धडा मिळतो.

३. संकेतार्थाची कादंबरी

मराठी व्याकरण क्रियापदाचे चार अर्थ मानते : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. ‘पाऊस पडतो’ हा स्वार्थ. ‘छप्पर शाकार’ ही आज्ञा. ‘छप्पर शाकारावे’ हा विधी. ‘छप्पर शाकारले असते, तर घर गळले नसते’ हा संकेतार्थ. या चौकटीतून पाहिले असता शुक्ल यांच्या कादंबरीची घडण स्पष्ट होते. साहेब, बडेबाबू आणि घरमालक आज्ञार्थात किंवा विध्यर्थात बोलतात. सरकारी कागदपत्रे कोरड्या स्वार्थात लिहिली जातात. आणि संतूबाबू संकेतार्थात विचार करतो. घरी परतण्याचे सुख मिळावे म्हणून पुन्हा पुन्हा घराबाहेर पडू, अशा जातीच्या विचाराने कादंबरी सुरू होते. तिथपासून पुढे निवेदक प्रत्येक क्षुल्लक गोष्टीला एक ‘जर’ जोडत जातो आणि त्या ‘जर’च्या पोटातून एक छोटे, तर्कशुद्ध, हास्यास्पद आणि करुण जग उभे करतो.

या शैलीला हिंदी समीक्षेत अनेकदा जादुई वास्तववादाचे नाव दिले गेले. ते नेमके नाही. या कादंबरीत अद्भुत काही घडत नाही. कुणी उडत नाही, मेलेले परत येत नाहीत. जे काही विलक्षण वाटते, ते वाक्यात असते, घटनेत नव्हे. निवेदकाची कल्पना साध्या वस्तूंना धरून चालते : दार, कुलूप, सायकल, भाजी, छत्री, पाऊस. ज्याच्या हाती काही नाही, त्याच्या हाती निदान क्रियापदाचा एक अर्थ आहे. आज्ञेच्या जगात राहणाऱ्या माणसाने संकेतार्थात घेतलेला आसरा हीच या कादंबरीची नैतिक बाजू होय. सदरा अंगावर चढतो तेव्हा सर्वांत आधी धोक्यात येतो तो हा आसरा. माप बरोबर बसले, आता ‘जर’ उरला नाही. म्हणून वाचकाला जी भीती वाटते ती संतूबाबू अपमानित होईल याची नसते. तो ‘जर’ म्हणायचा थांबेल, याची असते.

वस्त्र आणि माणूस यांच्या नात्याने शुक्ल यांना पुढेही सोडले नाही. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कवितासंग्रहाच्या लांबलचक शीर्षकातच नवा गरम कोट घालून निघून गेलेला माणूस आहे, आणि तो विचारासारखा गेला असे म्हटले आहे. जागतिक साहित्यात कारकून आणि वस्त्र म्हटले की गोगोलची ‘ओव्हरकोट’ (१८४२) ही कथा आठवते. अकाकी अकाकियेविच हा पीटर्सबर्गमधील नक्कलनवीस पोटाला चिमटा घेऊन नवा ओव्हरकोट शिवून घेतो आणि तो चोरीला जातो. त्याची शोकांतिका हव्याशा वस्त्राच्या हिरावण्याची आहे. संतूबाबूची नेमकी उलट : नकोसे वस्त्र लादले जाते आणि ते कुणी चोरत नाही. अकाकीचा कोट त्याच्या मापाने शिवला जातो. संतूबाबू मात्र आधीच शिवलेल्या मापाला उतरतो. युरोपीय लोककथेत बूट ज्या मुलीच्या पायात बसतो ती राजपुत्राची राणी होते. इथे सदरा ज्याला बसतो तो साहेबाचा नोकर होतो. परीकथेची रचना तीच, फळ मात्र उलटे. ही उलटापालट शुक्ल यांनी कुठेही ठळक करून सांगितलेली नाही, आणि त्यामुळेच ती अधिक लागते.

४. चित्रपटाची अडचण

चित्रपटाचे माध्यम मूलतः स्वार्थाचे आहे. पडद्यावर जे दिसते ते ‘आहे’. ‘असते तर’ असे म्हणायला प्रतिमेजवळ प्रत्यय नाही. स्वप्न, आठवण वा कल्पना दाखवायची झाल्यास धूसर कडा, बदललेला रंग, संगीत अशी खूण करावी लागते. आणि खूण केली की प्रेक्षक त्या दृश्याला ‘खोटे’ म्हणून बाजूला ठेवतो. शुक्ल यांच्या गद्यात मात्र घडलेले आणि घडू शकले असते ते एकाच पातळीवर, एकाच स्वरात येते. या कादंबरीचे सरळ चित्रीकरण केले तर हाती उरेल ती कारकुनाच्या पिळवणुकीची एक सोशिक कथा. तिच्यातला विनोद आणि आसरा दोन्ही नाहीसे होतील.

दुसरी अडचण निवेदकाची. प्रथमपुरुषी निवेदनात वाचक संतूबाबूच्या आत असतो. सदरा वाचकाला दिसत नाही, तो घालावा लागतो. चित्रपटात सदरा दिसतो : त्याला ठरावीक कापड, ठरावीक रंग, ठरावीक बाह्या असतात. जी वस्तू कादंबरीत माप होती, ती पडद्यावर एक कपडा होते. आणि ज्याच्या डोळ्यांनी जग पाहायचे, तोच आता पाहण्याचा विषय होतो.

मणी कौल (१९४४–२०११) यांना या अडचणींची जाणीव असणे स्वाभाविक होते. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील ऋत्विक घटक यांचे हे विद्यार्थी ‘उसकी रोटी’ (१९६९) या पहिल्याच चित्रपटापासून साहित्यकृतींवर काम करत आले. मोहन राकेश, विजयदान देथा, मुक्तिबोध, दोस्तोव्हस्की असा त्यांचा प्रवास आहे. मराठी प्रेक्षकाला ते ‘घाशीराम कोतवाल’ (१९७६) या चित्रपटाच्या चार दिग्दर्शकांपैकी एक म्हणून ठाऊक आहेत. त्यांचे पूर्वीचे चित्रपट संथ, नाट्यहीन आणि सर्वसामान्य प्रेक्षकाला दुर्बोध म्हणून ओळखले जातात. त्यांच्या तुलनेत ‘नौकर की कमीज़’ हा कथेला अधिक धरून राहणारा आणि हलक्या विनोदाचा चित्रपट आहे. पंकज सुधीर मिश्रा (संतूबाबू), अनु जोसेफ (पत्नी), ओमप्रकाश द्विवेदी (बडेबाबू) हे कलावंत ‘तारे’ नव्हते, आणि ते योग्यच होते. प्रसिद्ध चेहऱ्याबरोबर त्याचे माप आधीच ठरून येते.

५. न मापणारा कॅमेरा

कौल यांचे उत्तर समजून घेण्यासाठी त्यांची एक जुनी तक्रार ध्यानात घ्यावी लागते. ‘सीन फ्रॉम नोव्हेअर’ या १९९१ च्या निबंधात त्यांनी युरोपीय प्रबोधनकाळातील एककेंद्री यथादर्शनाची चिकित्सा केली. या पद्धतीत सर्व रेषा एका बिंदूकडे धावतात, चित्रातील अवकाश एका स्थिर डोळ्याच्या हवाली होतो आणि कॅमेऱ्याचे भिंग ही व्यवस्था यंत्रातच घेऊन येते. धृपदाचे शिक्षण घेतलेल्या कौल यांना याऐवजी आलापासारखा अवकाश हवा होता : आधी आखलेला नव्हे, विस्तारत जाणारा. १९९० च्या दशकात त्यांनी या विचाराला एक टोकाचे तांत्रिक रूप दिले. छायालेखकाने कॅमेऱ्याच्या दर्शिकेला डोळा न लावता चित्रण करावे, असा त्यांचा आग्रह राहिला. ‘नौकर की कमीज़’चे छायालेखक के. यू. मोहनन यांनी या रीतीने काम केले.

वरवर पाहता ही एका प्रयोगशील दिग्दर्शकाची लहर वाटेल. परंतु याच कादंबरीच्या संदर्भात तिला विशेष अर्थ प्राप्त होतो. दर्शिकेतून पाहणे म्हणजे चौकट आधी ठरवणे आणि माणसाला तिच्यात बसवणे. नट खुणेच्या जागी उभा राहतो, डोके वरच्या कडेपासून ठरावीक अंतरावर, हात आत, कोपर आत. ही शिंप्याची भाषा आहे. साहेबांचा सदरा आणि सिनेमाची चौकट या दोन्हींचे तत्त्व एकच : माप आधी, माणूस नंतर. डोळा बाजूला घेतल्यावर कॅमेरा माणसाला ‘बसवत’ नाही. तो त्याच्या आसपास असतो. माणसाचा काही भाग निसटतो, भिंतीचा काही भाग विनाकारण आत येतो. कादंबरीत जे काम संकेतार्थी वाक्य करते, म्हणजे घडलेल्या गोष्टीला आणखी एक शक्यता चिकटवून ठेवते, ते काम इथे चौकटीच्या ढिलेपणाकडे सोपवले आहे. जे चौकटीत आले ते येणे भाग नव्हते, हे जाणवत राहते.

ध्वनीचेही तसेच. प्रतिमेला ‘जर’ म्हणता येत नसले तरी पडद्याबाहेरून ऐकू येणारा आवाज तो म्हणू शकतो. पावसाचा आवाज आला आणि छप्पर दिसले नाही, तर ते गळणार की नाही हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात उघडा राहतो. भाडेकरूच्या आयुष्याचे व्याकरण नेमके हेच : पाऊस बाहेर, काळजी आत. कौल यांच्या चित्रपटांत ध्वनीला प्रतिमेचा अनुचर न ठेवता समांतर जागा देण्याची जी पद्धत होती, ती या कादंबरीच्या स्वभावाशी जुळणारी आहे.

६. काय गमावले, काय मिळाले

रूपांतराचा ताळेबंद तरीही मांडावा लागतो. निवेदकाच्या विचारांची ती अखंड साखळी, एका ‘जर’मधून दुसरा ‘जर’ निघण्याची ती गंमत, चित्रपटात बरीचशी हरवते. कादंबरी वाचताना वाचक हसतो आणि पुढच्याच वाक्याला त्याचा गळा दाटतो. ही उडी पडद्यावर दरवेळी साधत नाही. कादंबरी न वाचता चित्रपट पाहणाऱ्याला त्याचा ढिलेपणा हा अव्यवस्थितपणा वाटण्याचा संभव आहे. कौल यांची चौकट ज्या मापाला नकार देते, ते माप कोणते, हे कळण्यासाठी आधी सदऱ्याचे ओझे अंगावर घेतलेले असावे लागते.

एका बाबतीत मात्र चित्रपट कादंबरीच्या पुढे जातो, आणि तेही माध्यमाच्या मर्यादेमुळेच. कादंबरीत पत्नी नवऱ्याच्या वाक्यांतून येते. तो तिच्यावर प्रेम करतो, तिच्याबद्दल हळुवारपणे बोलतो, तिला ‘पत्नी’ म्हणतो. तिची दमणूक, तिचे डॉक्टरच्या घरी जाणे, तिचे गप्प राहणे हे त्याच्या संकेतार्थात गुंडाळले जाते. त्याचा आसरा तिच्यापुरता एक पडदाही होतो. चित्रपटात प्रथमपुरुष गळताच ती त्याच्या वाक्यांतून मोकळी होते. पडद्यावर तिचे हात तिचेच असतात, तिचा वेळ तिचाच असतो. नवरा काय समजतो यावर तिचे दिसणे अवलंबून राहत नाही. तिच्या बाबतीत प्रतिमेचा कोरडा स्वार्थ, ‘ती राबते आहे’ एवढेच सांगणारा, नवऱ्याच्या गोड संकेतार्थापेक्षा प्रामाणिक ठरतो. कादंबरीत जिला सदरा नव्हता म्हणून जिचे नोकर होणे दिसत नव्हते, ती चित्रपटात दिसते. पुन्हा कादंबरीकडे वळल्यावर हे भान सोबत येते आणि निवेदकाच्या हळुवारपणात किती सोयीस्कर आंधळेपणा होता, याचा विचार करावा लागतो. रूपांतराने मूळ कृतीचे असे फेरवाचन घडवणे, हे त्याने मूळ कृतीशी इमान राखण्यापेक्षा मोठे काम आहे.

७. ‘बनगरवाडी’शी तुलना

मराठीतील एका जोडीशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’वर (१९५५) अमोल पालेकर यांनी १९९५ मध्ये चित्रपट केला. त्याची पटकथा स्वतः माडगूळकरांची होती. तिथेही निवेदक प्रथमपुरुषी आहे, तरुण आहे आणि सरकारी चाकरीत आहे : धनगरांच्या वाडीवर रुजू झालेला शाळामास्तर. परंतु त्या मास्तराची दृष्टी बाहेर वळलेली आहे. कारभारी, आयबू, आनंदा रामोशी, मेंढरे, माळ, तालीम आणि शेवटी दुष्काळाने ओस पडलेली वाडी हे तो पाहतो आणि सांगतो. त्याचे निवेदन स्वार्थाचे आहे. त्यामुळे कॅमेरा त्याच्या जागी सहज उभा राहू शकतो; मास्तर जे पाहतो ते कॅमेराही पाहतो. माणदेशचा माळ पडद्यावर आला की कादंबरीचा मोठा भाग आपोआप आला. लेखकाला स्वतः पटकथा लिहिता आली, यालाही हे एक कारण असावे.

संतूबाबूच्या बाबतीत हा मार्ग बंद आहे. तो काय पाहतो याला महत्त्व थोडे. पाहिलेल्याचे तो काय करतो, ते महत्त्वाचे. म्हणून पालेकरांना स्थळ शोधावे लागले आणि कौल यांना रीत शोधावी लागली. दोन्ही कादंबऱ्यांत शासनयंत्रणेच्या तळाशी असलेला एक तरुण आहे. एकाला वाडीने आपले म्हणून घेतले, दुसऱ्याला कचेरीने मापून घेतले. या फरकातून दोन भाषांतील, दोन दशकांतील आणि दोन सामाजिक अवकाशांतील अंतर दिसते. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरील संस्थानी मुलखातल्या मास्तराला आपल्या कामाने काही बदलेल अशी आशा होती. ‘नौकर की कमीज़’ आणीबाणीनंतर प्रसिद्ध झाली आणि तिच्यातला कारकून बदलीपलीकडच्या कोणत्याही बदलाची वाट पाहत नाही. तरीही दोन्ही पुस्तकांचा स्वर कडवट नाही, आणि ही समानता फरकाइतकीच विचार करण्याजोगी आहे.

८. शिफारस

‘नौकर की कमीज़’ वाचण्यासाठी फार मोठ्या हिंदीची गरज नाही. तिचे शब्द रोजचे आहेत, वाक्ये छोटी आहेत. मराठी वाचकाला अडचण आलीच तर ती शब्दांची नसेल, गतीची असेल. पुढे काय घडते या उत्सुकतेने वाचल्यास कादंबरी हाती लागत नाही. प्रत्येक परिच्छेदात निवेदक कोणता ‘जर’ मांडतो आणि तो कुठे नेऊन सोडतो, इकडे लक्ष ठेवावे. ज्यांना इंग्रजीचा आधार हवा त्यांच्यासाठी सत्ती खन्ना यांनी केलेला ‘द सर्व्हंट्स शर्ट’ हा अनुवाद आहे. तौलनिक अभ्यासाच्या वर्गात मूळ व अनुवाद समोर ठेवून केवळ क्रियापदांचे अर्थ तपासले, तरी शैली म्हणजे काय यावर एक सत्रभर चर्चा होऊ शकेल. सदऱ्याचे अखेरीस काय होते हे इथे मुद्दाम सांगितलेले नाही. ते वाचकाने संतूबाबूच्या तोंडूनच ऐकावे.

चित्रपट त्यानंतर पाहावा, आणि पाहताना कादंबरीतील प्रसंगांची हजेरी घेऊ नये. चौकटीच्या कडेला काय निसटते, पत्नी पडद्यावर किती वेळ आहे, आणि त्या वेळात ती नवऱ्याच्या निवेदनाशिवाय कशी दिसते, याकडे लक्ष द्यावे. मग एकदा कादंबरीकडे परतावे. साहित्य आणि चित्रपट यांच्या संबंधाची चर्चा मराठीत अजूनही बरीचशी ‘पुस्तक चांगले की सिनेमा’ या प्रश्नाशी थांबते. या जोडीपुरते त्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे झाले, तर कादंबरी निःसंशय मोठी आहे. परंतु त्या कादंबरीच्या निवेदकाने जे सांगितले नाही, ते ऐकण्याची सवय तिच्यावरील चित्रपटाने लावली, हेही तितकेच खरे आहे. आज्ञार्थात चालणाऱ्या कचेऱ्या, बंगले आणि भाड्याची घरे आजही आहेत. त्यांत राहणाऱ्यांपैकी कुणाला संकेतार्थाचा आसरा मिळतो आणि कुणाला तोही मिळत नाही, हा प्रश्न या दोन कृती मिळून विचारतात. दोन्ही माध्यमे शेजारी ठेवून अभ्यासण्याचे एवढे कारण पुरेसे आहे.